टोप आधी उलटा करा

कोल्हापुरात डोक्यावर एकही केस नसलेली बाई दिसली तर तिला कुणी आजारी समजत नाही. आधी विचारतात, "बालाजीला जाऊन आलात काय?" हरिप्रिया एक्स्प्रेस इथूनच तिरुपतीला जाते, आणि बालाजीनंतर अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही अशी समजूत आहे. त्यामुळं महाद्वार रोडवर तुळतुळीत डोकी बारमाही दिसतात. पुरुषांची, पोरांची, बायकांचीही.

मला हे फार सोयीचं पडलं. माझ्या डोक्यात चाई पडली, आधी रुपयाएवढी, मग तिच्या शेजारी आणखी, मग सगळं डोकं, शेवटी भुवया आणि पापण्याही गेल्या. अॅलोपेशिया युनिव्हर्सालिस असं लांबलचक नाव आहे त्याला. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच केसांच्या मुळांवर उठते, एवढं त्यातलं मला समजलं. बालाजीच्या नावावर मी बरेच दिवस भागवलं. पण बालाजीला केस देऊन आलेल्या बाईला चार महिन्यांत बोटभर केस येतात, आणि आमच्या गल्लीतल्या बायका हिशेबाच्या पक्क्या आहेत.

औषधोपचार झाले, डोक्यात इंजेक्शनंही घेऊन झाली. २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीला या आजाराच्या तीव्र प्रकारासाठी मंजुरी मिळाली, तेव्हा डॉक्टरांशी तिच्याबद्दलही बोलणं झालं आणि मी नको म्हटलं. तो विषय वेगळा, ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरांशी बसून ठरवावं. मला लिहायचं आहे ते टोपाबद्दल, म्हणजे विगबद्दल, आणि त्यातही केसांबद्दल कमी, केस ज्याच्यावर बसवलेले असतात त्या कॅपबद्दल जास्त.

मी ब्लाउज शिवते. राजारामपुरीत छोटं दुकान आहे, दोन मशीन, एक ओव्हरलॉक. चांगला ब्लाउज आतून ओळखायचा असतो: टीप कशी आहे, अस्तर कसं बसवलंय, माया किती सोडलीय. टोपाचंही तसंच. हातात आला की मी आधी उलटा करते. दुकानदार केस विंचरून, झुलवून दाखवत असतो आणि मी आत बोट घालून शिवण चाचपत असते. बऱ्याच दुकानदारांना ते आवडत नाही. पण दिवसातले दहा-बारा तास माझ्या कातडीला केस लागणार नसतात, कॅप लागणार असते.

तर आत काय असतं?

सगळ्यात स्वस्त आणि दुकानात सगळ्यात जास्त दिसणारी ती पट्ट्यांची कॅप. मशीनवर केस एका लांब पट्टीत शिवून घेतात, तिला वेफ्ट म्हणतात, आणि अशा पट्ट्या उभ्या फितींवर ओळीनं टाचतात. दोन पट्ट्यांच्या मधे मोकळी जागा राहते. उलटी करून उजेडाकडे धरली की पलीकडचं दिसतं. वारा खेळतो, वजन कमी, आणि मशीनची टीप असल्यामुळं दणकट. टाळूवर मात्र मनासारखा भांग पाडता येत नाही. खालची कॅप दिसू नये म्हणून तिथले केस मुळाशी पिंजून, कुरळे करून दाबलेले असतात, म्हणून नवा टोप माथ्यावर जरा फुगलेला दिसतो. तो फुगवटा हळूहळू बसतो, काळजी करू नका. खरी अडचण शिवणीची. डोक्यावर स्वतःचे थोडेफार केस असतील तर ती जाणवतसुद्धा नाही. माझ्यासारख्या कोऱ्या डोक्याला दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत एकेक पट्टी मोजता येते.

त्यावरचा प्रकार मोनो टॉप. माथ्यावर पारदर्शक, बारीक जाळीचा तुकडा असतो आणि त्यात आकड्याच्या सुईनं एकेक केस गाठ मारून बसवलेला असतो. भांग डावीकडं पाडा, मधे पाडा, जाळीतून तुमच्याच टाळूचा रंग दिसतो. लांबून काय, जवळूनही पटकन कळत नाही. ही जाळी ताणत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा, पुढं मापाच्या वेळी लागेल. आणि ज्या गाठींमुळं हा टोप खरा वाटतो त्याच गाठी आतून खरखरतात. म्हणून डबल मोनो असतो, खाली आणखी एका मऊ जाळीचा थर. डोक्यावर केसच नसतील तर साधा मोनो घेऊ नका, डबलच घ्या. तपासायचं कसं? शिवणकाम करून माझी बोटं राठ झाली आहेत, त्यांना काही कळत नाही. मी मनगटाच्या आतल्या बाजूवर कॅप घासून बघते. तिथं टोचलं तर टाळूला टोचणारच.

'मोनो' एवढ्या शब्दावर जाऊ नका. ऑनलाइन मागवलेला एक टोप आला, डब्यावर ठळक अक्षरांत मोनो. उलटा केला तर भांगापुरता दोन बोटं रुंद मोनोचा तुकडा आणि बाकी सगळ्या पट्ट्या. खोटं म्हणता येत नाही, कारण मोनो होतं तर खरं! आता मी आतल्या बाजूचा फोटो मागते, आणि जो विक्रेता तो पाठवत नाही त्याच्याकडून घेत नाही.

सगळ्यात महाग ती पूर्ण हातानं गाठलेली कॅप. सगळीकडं मऊ, ताणणारी जाळी आणि तिच्यावर हजारो गाठी, टीप अशी जवळजवळ नाहीच. डोक्यावर घातली की डोक्याचा आकार घेते, केसही खऱ्यासारखे सगळ्या बाजूंना हलतात. एप्रिलमध्ये मला तरी पट्ट्यांची कॅपच गार वाटते, तिथं खरोखरच भोकं आहेत. पण मऊपणात हिची बरोबरी नाही. ज्यांची टाळू हुळहुळी आहे त्यांनी बाकी काही बघू नये, परवडत असेल तर हीच घ्यावी. नाजूक फार. ओढून विंचरलं की केस गाठीसकट निघतात, आणि मानेजवळची जाळी विरते.

गाठ मारायला मी एका जुन्या रंगभूषाकारांकडून शिकले. नाटक कंपन्या आणि चित्रपटांमुळं कोल्हापुरात टोप बनवणाऱ्यांची एक पिढी होऊन गेली. ते त्यातलेच, आता थकले आहेत. त्यांची सुई म्हणजे क्रोशाच्या सुईची सगळ्यात धाकटी बहीण, टोकाचा आकडा चष्म्याशिवाय दिसत नाही. ते जाळी लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवायचे आणि कपाळाच्या कडेला एका गाठीत एकच केस घ्यायचे, मागं गेल्यावर तीन-चार. पुढं विरळ, मागं दाट. आपले खरे केसही कपाळावर असेच उगवतात. कडा चिकटवायला स्पिरिट गम. पण रंगमंचावरच्या टोपाला तिसऱ्या अंकापर्यंत निभावायचं असतं आणि बघणारा दहाव्या रांगेत बसलेला असतो. माझं गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभं राहून माझ्या कपाळाकडं बघत खांद्याचं माप देत असतं.

यावरून लेस फ्रंटकडे येते. कपाळाच्या कडेला अतिशय पातळ जाळीची पट्टी आणि तिच्यावर अशाच विरळ गाठी, म्हणजे केस कपाळातूनच उगवल्यासारखे दिसतात. सध्या सगळीकडं याचीच जाहिरात आहे. ज्यांना केस मागं घेऊन अंबाडा घालायचा आहे त्यांना ही पट्टी हवीच, नाहीतर कपाळावर कॅपची जाड कड दिसते. पण कपाळावर बटा किंवा झालर ठेवणार असाल तर लेसचे पैसे फुकट जातात, कारण ती दिसतच नाही. पूर्ण लेसची कॅप तर सहसा चिकटवूनच वापरतात. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं की एकदा चिकटवला की आठवडे काढायला नको, त्याच्यावरूनच आंघोळ करा. आमच्या उन्हाळ्यात? गोंद लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर थांबा. लाल झालं, खाजलं, तर तो गोंद आपला नव्हे. आणि केमोथेरपी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कातडीवर काहीही चिकटवू नका.

डोक्याचा साचा घेऊन बनवलेली सिलिकॉनची कॅपही असते. हवा दाबून निघून गेली की ती नुसत्या ओढीनं धरून बसते, टेप नाही की गोंद नाही. पण त्यासाठी टाळू पूर्ण गुळगुळीत हवी, केस उगवायला लागले की पकड सुटते. पकड घट्ट, पण खाली वारा अजिबात नाही. मला झेपली नाही.

मी रोज वापरते तो टोप मिश्र आहे: माथ्यावर डबल मोनो, कपाळावर कानापासून कानापर्यंत अर्धा इंच लेस, बाजूंना आणि मागं पट्ट्या. पट्ट्यांची शिवण जिथं टाळूला लागते तिथं मी जुन्या होजिअरी बनियनच्या पातळ फिती हातशिलाईनं लावून घेतल्या आहेत. टीप मशीनवर मारायची नाही, केस अडकतात आणि कॅपचा ताणही जातो.

आता माप. इथं मी लांबण लावणार आहे, कारण माझ्याकडं 'काकी, टोप घसरतो' म्हणून येणाऱ्या बहुतेक जणींचं दुखणं मापात असतं, कॅपच्या प्रकारात नसतं.

तयार टोप सहसा तीन मापांत येतात. मध्यम माप साडेएकवीस ते साडेबावीस इंच घेराचं, लहान त्याहून इंचभर कमी, मोठं तेवीसच्या आसपास. कंपनीगणिक अर्धा इंच इकडंतिकडं. घेर घ्यायचा तो कपाळावर केस जिथं सुरू होतात तिथून, कानांच्या वरून मागं, मानेवर केस संपतात तिथपर्यंत आणि तसाच फिरून पुढं. माझ्यासारखीला प्रश्न पडतो की केस जिथं सुरू होतात ती रेघ आता कुठंय? भुवया असतील तर त्यांच्या वर साधारण चार बोटं मोजतात. भुवयाही नसतील तर आरशासमोर आश्चर्य वाटल्यासारखं कपाळ वर चढवा. सगळ्यात वरची आठी जिथं पडते त्याच्यावर बोटभर अंतरावर ती रेघ. यापेक्षा खाली टोप घालू नका. पडेल या भीतीनं बायका तो भुवयांवर ओढतात, आणि लोकांना टोप ओळखू येतो तो बहुतेक त्यामुळंच.

एकट्या घेरावर टोप घेऊ नका. कपाळापासून टाळूवरून मानेपर्यंत टेप धरा, आणि एका कानाच्या वरून माथ्यावरून दुसऱ्या कानाच्या वरपर्यंत. ही दोन मापं दुकानात कुणी घेत नाही. पुढून मागचं माप कमी पडलं तर काय होतं बघा. डोक्याच्या मागं जो हाडाचा उंचवटा आहे त्याच्याखाली मान सुरू होते. कॅपची मागची कड या उंचवट्याच्या खाली बसली तर ती तिथं अडकून राहते. उंचवट्याच्या वर बसली तर मात्र तिला निमुळत्या बाजूला, म्हणजे वर, सरकायला वाटच मोकळी मिळते. मग बाई काय करते? मागच्या फिती आवळते. आवळल्यावर तो आणखी जोरात वर चढतो. पुढून कपाळावर कड रुतते, डोकं ठणकतं, आणि दोष टोपाला. अशा वेळी सैल करून बघा. तरीही चढत असेल तर तो टोप तुमच्या मापाचा नाही, मी फिती बदलून काही होणार नाही.

मोनोची जाळी ताणत नाही असं वर म्हटलं ते यासाठी. कान ते कान माप मोठं असेल आणि माथ्यावर मोनोचा मोठा तुकडा असेल, तर सगळा ताण बाजूच्या इलॅस्टिकवर येतो. दुकानात पाच मिनिटं घातला तर छान वाटतो, संध्याकाळी कानाच्या वर वळ उठलेले असतात.

आणि केस असताना घेतलेलं माप केस गेल्यावर चालत नाही. केमोथेरपी सुरू व्हायच्या आधी बायका टोप घेऊन ठेवतात, ते शहाणपणाचंच आहे, कारण बऱ्याच औषधांनी पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात आणि त्या दिवसांत बाजारात फिरायचं त्राण नसतं. पण दाट केसांवरून घेतलेलं माप नंतर सैल पडतं. एक तर केस चापून घेऊन माप द्या, किंवा मागच्या फितींना आवळायला भरपूर जागा असलेला टोप घ्या. हूक आणि काजांची फीत असेल तर उत्तम. वेल्क्रोची असेल तर तिच्यात केस अडकतात, आणि ती उघडताना होणारा आवाज सगळ्या खोलीला ऐकू जातो. दोन्ही बाजूंना सारखंच आवळा, नाहीतर भांग दिवसभर एका कानाकडं चालत राहतो.

कानांच्या पुढं कॅपला दोन छोट्या जिभा असतात. बाजूनं धरून ठेवायचं खरं काम त्या करतात. त्यांच्यात पातळ, वाकणारी तार असते. ती कानशिलाच्या खोलगट भागाला चिकटेल अशी बोटांनी वाकवा, सुरुवातीला सपाटच असते. दोन्ही जिभा कानांपासून सारख्या अंतरावर आल्या की टोप सरळ बसला असं समजा. आरशात भांग बघून ठरवू नका, भांग फसवतो. तारेचं टोक कापडातून बाहेर यायला लागलं तर मी त्यावर मखमलीचा नखाएवढा तुकडा टाचते. चष्मा असणाऱ्यांनी टोप बघायला चष्मा घालूनच जावं. चष्म्याची काडी जिभेच्या खालून गेली तर ती जीभ उचलते आणि दर वेळी चष्मा काढला की टोप बोटभर सरकतो. काडी जिभेच्या वरून घ्यायची.

दुकानात मी अशी परीक्षा घेते: खाली वाकून जमिनीवर पडलेली टाचणी उचलायची, जोरात खोकायचं, मान दोन्हीकडं झटकायची. मग कानशिलाजवळ कडेखाली एक बोट घालायचं. बोट सहज गेलं पाहिजे, दोन बोटं जाता कामा नयेत. शक्य असेल तर अर्धा तास घालून बसा. काढल्यावर कपाळावर खोल लाल रेघ दिसली तर नमस्कार करून बाहेर पडा.

पकड वाढवायला मी आवळण्यापेक्षा घर्षणावर भरवसा ठेवते. मखमलीची रुंद पट्टी मिळते, कपाळावरून मागं बांधायची, तिची लव एका बाजूनं टाळूला आणि दुसऱ्या बाजूनं कॅपला धरते. आवळावी लागत नाही. मी ती घरीच शिवते, पण लव दोन्ही बाजूंना हवी, म्हणजे मखमलीचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून. घाम येणाऱ्यांनी दोन-तीन ठेवाव्यात आणि रोज बदलाव्यात. काही टोपांत सिलिकॉनच्या बारीक रेघा आतून लावलेल्या असतात, त्या फक्त उघड्या कातडीवर धरतात, खाली टोपी घातली की उपयोग नाही. टोपासोबत फुकट मिळणारी नायलॉनची जाळीदार टोपी कोऱ्या डोक्यावर साबणासारखी सरकते, ती पोरींना खेळायला द्या. पातळ सुती होजिअरीची टोपी बरी. दुहेरी चिकटपट्टी लावायची तर कॅपला आतून गुळगुळीत प्लास्टिकसारखा पट्टा असेल तिथंच. लेसवर लावली की डिंक जाळीत शिरतो आणि निघता निघत नाही. क्लिपा आणि आतले कंगवे हे ज्यांना स्वतःचे धड मजबूत केस आहेत त्यांच्यासाठी. नव्यानं उगवणाऱ्या केसांना क्लिप लावून रोज ओढ दिली तर तेही गळतील.

लांबीचाही पकडीशी संबंध आहे, तो कुणी सांगत नाही. खांद्याखाली केस गेले की वजन मागं ओढतं आणि कपाळाची कड दर तासाला उचलावी लागते. खऱ्या केसांचा लांब टोप तर दोनशे ग्रॅमच्या पुढं सहज जातो. तिरुपतीचं देवस्थान अर्पण झालेल्या केसांचा लिलाव करतं, ते केस देशोदेशी जातात. लांबसडक, मूळ आणि टोक एका दिशेला ठेवलेले, म्हणून त्यांना भाव. हरिप्रियेनं गेलेला कुणाचा तरी शेपटा मोठा फेरा मारून परत कोल्हापुरात माझ्याकडं दुरुस्तीला येत असेल, असं मला टोप हातात घेताना कधीकधी वाटतं. असो. पहिला टोप घेणारीनं मानेपर्यंतचा घ्यावा.

रोजच्या जगण्यात कॅपची खरी परीक्षा हेल्मेट घेतं. आत फोम असतो, तो केस धरतो, आणि उतरल्यावर हेल्मेट काढलं की टोप हेल्मेटमध्ये. माझ्या बाबतीत हे सिग्नलला नाही, दुकानाच्या दारात झालं, एवढंच नशीब. मी आता गाडीवर सुती टोपी, त्यावर स्कार्फ, त्यावर हेल्मेट असं जाते, आणि टोप पिशवीत डब्यात ठेवून दुकानात चढवते. ज्यांना घालूनच जायचं आहे त्यांनी हेल्मेटच्या आत साटीनचं अस्तर लावावं, म्हणजे केस धरले जात नाहीत. माझ्याकडं माप घेऊन या, हेल्मेटसकट.

दुसरी परीक्षा हळदीकुंकू. वाकून नमस्कार करायला अडचण नाही, माप बरोबर असेल तर टोप हलत नाही. अडचण गजऱ्याची. प्रेमानं कुणीतरी मागून येतं आणि विचारायच्या आत आकडा खुपसतं. पट्टीत खुपसला तर ठीक, जाळीत खुपसला तर जाळी फाटते आणि फाटलेली मोनो जाळी रफू केली तरी दिसते. मी घरून निघतानाच मागं पट्टीवर गजरा स्वतः माळून जाते. डोक्यावर जागाच शिल्लक नसली की कुणी हात लावत नाही. अक्षता पडल्या तर त्या जाळीत अडकतात, घरी येऊन टोप उलटा करून झटकायचा.

स्वयंपाकघरात कृत्रिम केसांचा टोप घालून जाऊ नका. कुकरची शिट्टी, ओव्हनचं दार उघडल्यावर येणारा लोट, तळणाच्या कढईवर वाकणं, या सगळ्यांनी पुढचे केस वितळून काथ्यासारखे होतात आणि ते परत सरळ होत नाहीत. घरी टोपच नको, असं मी म्हणेन. मी घरी उघड्या डोक्यानं वावरते, नवऱ्याला आणि पोरांना सवय झाली आहे, दूधवाल्यालाही.

केमोथेरपीतल्या बायका येतात तेव्हा मी मोनो, लेस वगैरे काही बोलत नाही. आधी त्यांना विचारते, उशीवर डोकं टेकवलं तर दुखतं का? केस जाताना टाळू इतकी हुळहुळी होते की कापडाची शिवणही सोसत नाही. तसं असेल तर काही दिवस नुसती सुती टोपी, तीही शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून शिवलेली. टोप नंतर. केस परत येणार आहेत, त्यामुळं फार महागाचा घेऊ नये असं माझं मत आहे. वर मऊ मोनो आणि मागं पट्ट्या असलेला कृत्रिम केसांचा टोप तेवढ्या काळाला पुरतो. उरलेल्या पैशांत दुसरा तसलाच घ्यावा. दोन आलटून पालटून वापरले की इलॅस्टिक जास्त टिकतं.

इलॅस्टिक हे टोपाचं आयुष्य आहे. केस चांगले असतात आणि कॅप सैल पडते, असं बहुतेक टोपांचं होतं. कोमट नव्हे, गार पाण्यात धुवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलात दाबा. ओला टोप थर्मोकोलच्या डोक्यावर चढवून वाळवू नका, कॅप त्या मापाची होऊन बसते. मोकळ्या स्टँडवर लटकवा. ओला असताना विंचरू नका, कृत्रिम तंतू ताणले जातात.

मागच्या फिती बदलणं, कानाजवळ चुणी घालून घेर कमी करणं, आतून अस्तर लावणं, मखमलीची पट्टी, हे सगळं मी करून देते. मोनोची जाळी बदलून देत नाही, पुढून मागचं माप वाढवून देत नाही, ते होतच नाही. आणि येताना टोप धुऊन आणा. न धुतलेला मी मशीनजवळ ठेवत नाही.